जुन्या घरातली व्हिक्टोरियन फरशी, बीडाचे खांब, रंगीत काचा: काय ठेवायचं आणि दुरुस्ती कशी करायची?

बोरीकाठ

अमळनेर तालुक्यातलं दुमजली घर. तुळईवर १९०३ कोरलेलं आहे. मागचा भाग नेहमीचा खानदेशी: सागाच्या तुळया, किलचण (तुळयांवर अंथरलेल्या लाकडी पट्ट्या), वर पांढऱ्या मातीचं धाबं (सपाट छप्पर). पुढचा भाग मात्र कापसाच्या पैशातून हौसेने बांधलेला दिसतो. १६ × २२ फुटांचा दिवाणखाना, त्यात तांबडी-पिवळी-काळी नक्षीची ६ इंची फरशी. ओसरीला बीडाचे (ओतीव लोखंडाचे) ४ खांब, वर वेलबुट्टीचे कंस. दारांवर अर्धगोल झडपा, त्यांत लाल-निळ्या-हिरव्या काचा. छपराच्या कडेला लाकडी झालर. छत १३ फूट उंच, भोवती चुन्याची कंगणी (छत आणि भिंत मिळतात तिथली उठावदार पट्टी), तिचा साधारण ३ फूट तुकडा पडलेला.

अडचणी अशा. दिवाणखान्याच्या भिंतींना खालून ४ फुटांपर्यंत लोणा (ओलीबरोबर येणारा क्षार) लागलाय. १०-१२ वर्षांपूर्वी तिथे सिमेंटचा गिलावा केला होता, तोही आता पापुद्र्यासारखा सुटतोय. फरशीत २३ तुकडे फुटलेले, ६०च्या आसपास पोकळ वाजतात. खांबांना बुडाशी गंज आहे. काचांची लांबी (काच चौकटीत पक्की करणारी पुटी) गळून पडतेय.

ठेकेदाराचा सल्ला: फरशीवर चिकटद्रव्याने चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा, भिंतींना वॉटरप्रूफ सिमेंट मारा, खांबांभोवती काँक्रीट ओता, झडपा काढून ॲल्युमिनियम लावा. एवढं करायचं तर घर पाडलेलं काय वाईट? पैसे बेताचे आहेत, सगळं एकदम होणार नाही. आधी काय करावं आणि नेमकं कसं, ते सांगा.

फरशी_आणि_फटी

व्हिट्रिफाइडचा विचार आधी डोक्यातून काढा. दिसण्याचा प्रश्न नंतरचा. जुन्या घराच्या जमिनीखाली ओलप्रतिबंधक थर नसतो. जमिनीतली ओल फरशीच्या फटींतून हळूहळू उडून जाते. वर चकचकीत झाकण बसवलं की ती बाजूला सरकते आणि भिंतीत चढते. म्हणजे आज ४ फुटांवर असलेला लोणा उद्या ६ फुटांवर.

फरशी कशाची आहे ते आधी ओळखा. कोपऱ्यातल्या फुटक्या तुकड्यावर लिंबाचे २ थेंब टाका. फसफसलं तर सिमेंटची फरशी, नाही फसफसलं तर भाजलेल्या मातीची. फुटलेली कडही बघा. सिमेंटच्या फरशीत वर काही मिलिमीटर रंगाचा थर आणि खाली करडा जाड थर दिसतो. मातीच्या फरशीत नक्षी हीसुद्धा मातीच असते: साच्यात दाबून खाच पाडायची, खाचेत दुसऱ्या रंगाची पातळ माती भरायची आणि दोन्ही एकत्र भाजायचे. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्याने हा जुना प्रकार पुन्हा चालवला आणि लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीतही त्याच घराण्याची फरशी आहे. नक्षी वरून रंगवलेली नसल्यामुळे शंभर वर्षं पाय घासूनही ती जात नाही. फुटका तुकडा उलटा करून पाठ बघा, कारखान्याचा ठसा असू शकतो.

तुमच्या वर्णनावरून ६ इंची म्हणजे मातीची असावी. सिमेंटची बहुधा ८ इंची सापडते. सिमेंटच्या फरश्या बनवणाऱ्या मुंबईच्या भारत टाइल्सचं काम १९२२ला सुरू झालं, तेव्हा तुमच्या तुळईवरचं सालही त्याच्या आधीचं. पण फरशी मागाहून बदललेली असू शकते, म्हणून लिंबू लावून बघाच.

आता हिशोब. १६ × २२ म्हणजे ३५२ चौरस फूट, चौरस फुटाला ४, म्हणजे साधारण १४०८ फरश्या. त्यातल्या २३ फुटल्या म्हणजे दोन टक्केही नाहीत. बाजारात हुबेहूब शोधत बसू नका. मोठं कपाट किंवा पलंग कायम राहणार असेल त्या जागेच्या चांगल्या फरश्या काढून मधे बसवा आणि कपाटाखाली साधी तांबडी घाला.

काढताना सुरुवात फुटक्या तुकड्यापासून. त्याच्या मधोमध छिन्नीने हलके ठोके देऊन तो काढायचा आणि तिथून शेजारच्या पोकळ फरशीखाली पातळ पट्टी सरकवायची. चांगल्या फरशीच्या कडेत छिन्नी घातली की कोपरा गेलाच समजा. फटीतला चुना हॅकसॉच्या मोकळ्या पात्याने कापा, ग्राइंडर अजिबात नको. आधी फोटो, मग प्रत्येक फरशीवर खडूने ओळ आणि क्रमांक, दिशेचा बाणसुद्धा.

पाठीला चिकटलेला जुना चुना २४ तास पाण्यात ठेवला की लाकडी चिपेने निघतो. बसवायला विरवलेला (पाण्यात मुरवलेला) चुना १, सुरखी (विटेची पूड) १, बारीक चाळलेली वाळू २, जाडी १२ ते १५ मिलिमीटर. फरशी पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि महिन्याभरात पुन्हा पोकळ वाजते. लाकडी हातोडीने ठोका, शेजारच्या चार फरश्यांवर पट्टी धरून पातळी बघा. फट दीड-दोन मिलिमीटरच ठेवायची. पांढरं सिमेंट भरू नका, ते फरशीच्या छिद्रांत शिरतं आणि सगळ्या तांबड्यावर दुधाळ झाक येते. चुना आणि विटेची बारीक पूड भरा, ओल्या स्पंजाने लगेच पुसा. ७ दिवस पाय नको, ३ आठवडे जड सामान नको.

धुण्यासाठी साबणाचं सौम्य पाणी आणि नायलॉनचा ब्रश. बाथरूमचं ॲसिड कोणी वापरायला सांगितलं तर नमस्कार करून निघा. ॲसिड फटीतला चुना खातं आणि मागे क्षार ठेवतं, ते प्रत्येक पावसाळ्यात पांढरे फुलून येतात.

निरू_संदला

वरच्याशी सहमत, फक्त क्रम उलटा धरा. फरशीला हात लावण्याआधी भिंतीची ओल. आणि भिंतीच्या आधी घराबाहेरचा रस्ता.

गावातल्या रस्त्यांचं काँक्रिटीकरण झालं की रस्ता ओट्याच्या बरोबरीला येतो. पावसाचं पाणी मग थेट जोत्यात. तुमच्याकडे तसं आहे का ते बघा. असेल तर भिंतीलगत १ फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा, ४० मिलिमीटरची खडी भरा, उतार गटाराकडे द्या. दोन गोष्टी सांभाळा. चर पायाच्या तळाखाली जाता कामा नये, आणि एका वेळी ६ फुटांपेक्षा जास्त लांबी उघडी ठेवू नका. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, सगळी बाजू एकदम उघडली की जोतं हलतं. न्हाणीघराचा पाइप आणि पाण्याची टाकी भिंतीला लागून असेल तर त्यांची गळती आधी बघा.

मग सिमेंटचा गिलावा काढायचा. ओलीची रेषा ४ फुटांवर असेल तर ५ फुटांपर्यंत काढा. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आली की बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बुजते. पाणी आत अडकतं, क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साठतात, तिथे त्यांचे स्फटिक फुगतात आणि विटेचं तोंडच भुगा होऊन पडतं. वॉटरप्रूफ सिमेंटने हेच होतं, फक्त जरा उशिरा.

विटांच्या दर्जा (विटांमधले सांधे) १५ ते २० मिलिमीटर खोल खरवडा. पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडा आणि कागदावर गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो परत आत जातो. त्यानंतर वर्तमानपत्राचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून २ सेंटीमीटर जाड थापा, पूर्ण वाळला की काढून फेका. वाळताना लगदा भिंतीतला क्षार ओढून घेतो. असं २-३ वेळा.

चुना: कळीचा (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते, उडतो, डोळ्याला चष्मा लावा. वर ४ बोटं पाणी राहील असा झाकून निदान महिनाभर ठेवा, तीन महिने ठेवला तर लोण्यासारखा होतो. पहिला हात चुना १, जाड वाळू ३, जाडी १० ते १२ मिलिमीटर. आठवडाभराने दुसरा हात तसाच, मग वरून निरूचा (गाळलेल्या मऊ चुन्याचा) पातळ हात. नदीची वाळू मुठीत चोळली की कचकचली पाहिजे. माती मिसळलेली असेल तर धुऊन घ्या, नाहीतर जाळीदार तडे येतात.

वेळ महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका. लूने गिलावा दोन तासांत वाळतो. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, आणि त्याला ओल लागते. नुसता वाळला तर बोटाने पीठ निघतं. दसऱ्यानंतर सुरू करून संक्रांतीपर्यंत संपवा, तरीही ८-१० दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवाच.

कंगणीचा ३ फुटांचा तुकडा सोपा आहे. शेजारच्या शाबूत भागाचा आडवा छेद पुठ्ठ्यावर उतरवा, तो जस्ताच्या पत्र्यात कापा, पत्रा लाकडी घोडीवर ठोका. छताला आणि भिंतीला पट्ट्या मारून त्यांच्या आधाराने घोडी सरळ ओढायची. आत चुना-सुरखीचा गाभा दोन-तीन हातांत, शेवटचा ५ मिलिमीटर चुन्यात थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून. साचा नेहमी एकाच दिशेने ओढा, पुढे-मागे केलं की धार तुटते. नुसतं पीओपी ओल्या बाहेरच्या भिंतीला नको, ते पाणी पितं.

बोरीकाठ

लिंबाचं करून पाहिलं, फसफसलं नाही. पाठीवर ठसा आहे पण अर्धवट, वाचता येत नाही. रस्ता खरंच ओट्यापेक्षा फक्त ४ इंच खाली उरलाय. चर दिवाळीनंतर घेतो. खांब आणि लाकडाचं कोणी सांगेल का?

पटाशी

खांबांभोवती काँक्रीट म्हणजे गंजाला पांघरूण. आत काय चाललंय ते कळणारच नाही, आणि गंज फुगला की काँक्रीटही फुटतं.

आधी बीड आहे की घडीव लोखंड, ते पाहा. बीडाच्या खांबावर उभी बारीक रेघ असते, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. कानस मारली तर काळपट भुकटी निघते, चमकदार कीस नाही. बीड दाबाला जबरदस्त, पण ताणाला आणि धक्क्याला ठिसूळ. हातोडीने हलकं ठोकत खालून वर जा. टणत्कार आला तर ठीक. एखाद्या जागी बद्द वाजलं तर तिथे चीर किंवा पोकळी आहे, तो खांब इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. साध्या वेल्डिंगने चीर बुजवायची नाही. एकाच जागी तापून पटकन थंड झालं की वेल्डच्या शेजारी नवी चीर पडते. कंसाच्या वेलबुट्टीचा तुटका तुकडा जोडायचा तर भोकं पाडून आतून पोलादी खिळा आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक).

गंज तारेच्या ब्रशने हाताने काढा. जुना रंग खरवडताना पाणी मारत राहा, त्या काळच्या रंगात शिसं असतं, धूळ नाकात जाता कामा नये. मुलांना लांब ठेवा आणि खरवड गोळा करून पिशवीत बांधा. लोखंड उघडं पडलं की त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमरचे २ हात, रात्रभराचं दवही पुरतं गंजायला. वर इनॅमलचे २ हात. बुडाशी पाणी साठतं ती खळगी चुन्याच्या मसाल्याने बाहेर उतार देऊन भरा. फरशी नव्याने करताना खांबाच्या पायाला मसाला चिकटून चढवू नका.

आता काचा. लाल काच कडेने बघा. बहुतेक वेळा ती आरपार लाल नसते, साध्या काचेवर लालाचा पातळ थर असतो. म्हणून घासणी, राख, भांड्याची पावडर काही नको. ओला सुती कपडा पुरे.

लांबी घरी मळा: १ किलो खडूची पूड, १५० ते १८० ग्रॅम कच्चं जवसाचं तेल. पोळीच्या कणकेएवढी मऊ होईपर्यंत. भरण्याआधी चौकटीच्या खाचेला तेलाचा पातळ हात द्या. शंभर वर्षं वाळलेला साग लांबीतलं सगळं तेल पिऊन टाकतो आणि लांबी कोरडी होऊन गळते. तुमची गळतेय त्याचं हे एक कारण असणार. जुनी लांबी काढताना गरम हवेची बंदूक काचेजवळ नेऊ नका, ती तडकते. तेल लावून दोन दिवस भिजत ठेवा, मग पटाशीने. नवी लांबी भरल्यावर दोन आठवड्यांनी रंग, आणि रंग काचेवर २ मिलिमीटर चढवा म्हणजे पाणी फटीत शिरत नाही.

झालरीच्या फळ्यांचं खालचं टोक आधी कुजतं, कारण पाणी तिथे थेंब धरून बसतं. टोकाला तिरका काप द्या. कुजका भाग कापून साग सागालाच जोडा, बाभूळ-निंबाची फळी लावली की दोन पावसाळ्यांत जोड उघडतो. वाळवीचा मातीचा बोगदा भिंतीवर दिसतोय का तेही बघा, धाब्याच्या घरात ती मागून पुढे येते.

कमानदार

दुरुस्तीचं सगळं आलंय, मी सजावटीबद्दल बोलतो. इथे बरेच जण 'व्हिक्टोरियन' म्हणजे तपकिरी फर्निचर आणि मखमली पडदे असं धरतात. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१, त्यात एक शैली टिकलीच नाही. वास्तुकार विलियम बर्जेसने लंडनला स्वतःसाठी किल्ल्यासारखं मनोऱ्याचं घर बांधलं. चित्रकार लेटनने १८७७पासून घराला एक अरबी दालन जोडलं, दमास्कसहून आणलेल्या फरश्या भिंतींना लावल्या. इंग्लंडमधले कारखानदार आर्मस्ट्राँग यांच्या क्रॅगसाइड या घरात १८७८मध्ये पाण्याच्या शक्तीवर वीज आली. आणि राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधलं दरबार दालन लाहोरच्या कलाशाळेत शिकलेल्या भाई राम सिंग यांनी घडवलं. तेव्हा मागे धाबं आणि पुढे बीडाचे खांब ही भेसळ वगैरे नाही, त्या काळाचा तोच स्वभाव होता.

हे सगळं सामान्य पैसेवाल्यापर्यंत पोचलं ते कारखान्यामुळे. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ला उठला, खिडक्यांवरचा १८५१ला. ग्लासगोची मॅकफार्लेनची सॅरसेन फाउंड्री जाळ्या-खांब-कंस कॅटलॉगमधून विकायची. आपल्याकडे १८६१ ते ६५च्या अमेरिकेतल्या युद्धात कापसाचा भाव कडाडला, त्याच सुमारास रेल्वे खानदेशात आली. कापूस मुंबईला जायचा, त्याच रुळांवरून असा माल इकडे यायला वाट मोकळी झाली.

तुमच्या १३ फुटी भिंतीला तीन पट्टे करा, ती त्या काळची रीत: खाली ३ फूट गडद, मधे ८ फूट फिकट, वर २ फूट नक्षीची पट्टी. खालचा गडद पट्टा खुर्चीच्या पाठी आणि हात लागून मळतो म्हणून. वॉलपेपर नको. खळ ओल धरते, कसर लागते, आणि लोण्याच्या भिंतीवर तो दोन वर्षांत लोंबेल. त्याऐवजी चुन्याच्या सफेदीत रंग घालून स्टेन्सिल. जाड ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) फरशीतलाच एखादा नमुना कापा, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा, ओला ब्रश कडेखाली पसरतो. चुन्यात टिकणारे रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, कपड्याची नीळ. प्रमाण कोरड्या चुन्याच्या १० टक्क्यांच्या आत, जास्त झालं की हाताला लागतं. सफेदीचे ४-५ पातळ हात, दोन जाड हात नव्हेत.

जुन्या थरात कुठे झगझगीत पोपटी-हिरवा सापडला तर कोरडा घासू नका. त्या काळच्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक असायचं.

फरशी_आणि_फटी

एक राहिलं. फरशीला जवसाचं तेल लावा असं काही जण सांगतात. आपल्याकडे धूळ किती, फरशी चिकट होऊन काळी पडते. चमक हवी तर मेणाचा अगदी पातळ हात, तोही ओल पूर्ण गेल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. रंगीत झडपांची एक बाजू पश्चिमेला आहे, मे महिन्यात ४५ अंशांत दिवाणखाना भट्टी होतो. काचेवर फिल्म लावू का? आणि कूलर त्याच खिडकीत आहे.

पटाशी

फिल्म नको. फिल्म उष्णता काचेतच अडवते, जुनी काच एका बाजूने तापून तडकू शकते, आणि नंतर काढताना रंगाचा थर खरवडला जातो. ऊन काचेवर पडण्याआधीच अडवा. ओसरीच्या पुढच्या तुळईला लोखंडी सळई टाका, तिला बांबूच्या चिकाचे किंवा वाळ्याचे पडदे, दुपारी १२ला खाली आणि सूर्य मावळला की वर. काच आणि पडदा यांत निदान फूटभर हवा राहू द्या.

भाऊ, कूलर आधी खिडकीतून काढा. तुमची खालची लाकडी पट्टी कुजली असेल तर दोषी तोच. बोअरचं क्षारी पाणी ठिबकून चौकटीत मुरतं आणि खालच्या भिंतीला लोणा वरून लागतो. वेगळ्या लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून ४ इंच सुटा ठेवा, खाली पत्र्याचा ट्रे आणि नळी थेट गटारात. चौकटीचं माप घेऊन एका झडपेची काच जपून काढा, तिथे कूलरच्या तोंडाएवढ्या भोकाची प्लायची फळी स्क्रूने बसवा, खिळ्याने नव्हे. पावसाळा लागला की फळी काढून काच परत. कुठली काच कुठल्या खाचेतली ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा, हाताने कापलेल्या काचा एकीच्या जागी दुसरी बसत नाही.